पट्ट्याची मरळ की डोळ्याची? हातात आलेली मरळ नेमकी ओळखण्याची रीत

गोड्या पाण्यातला लांबट, सापासारख्या डोक्याचा, गळाला लागल्यावर दोर ताणून जलपर्णीत घुसणारा मासा दिसला, की आपल्याकडे त्याला सरसकट मरळ म्हणतात. बाजारात हे खपून जातं, कारण रश्श्यात पडल्यावर कुणी खवले मोजत बसत नाही. पण जो गळ टाकतो, ज्याचं शेततळं आहे किंवा जो आपल्या भागातल्या माशांची नोंद ठेवतो, त्याला एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे मोठ्या होणाऱ्या मरळी दोन आहेत. एक चन्ना स्ट्रायाटा. ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने १७९३ मध्ये तिचं वर्णन केलं. दुसरी चन्ना मारुलियस. हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर काम करताना १८२२ मध्ये ती नोंदवली. गावागणिक दोघींची नावं बदलतात, आणि एकच नाव दोन तालुक्यांत दोन वेगळ्या माशांना लावलेलं आढळतं. म्हणून या लेखापुरतं पहिलीला पट्ट्याची मरळ म्हणू आणि दुसरीला डोळ्याची. ही नावं का, ते पुढे कळेलच.

रंगावर विश्वास ठेवायचा नाही, ही पहिली गोष्ट. मरळ गढूळ पाण्यात फिकी दिसते, शेवाळात काळी पडते, गळावर झुंजून दमली की पट्टे उठून दिसतात आणि बर्फात ठेवली की सगळंच काळवंडतं. तोच मासा सकाळी आणि दुपारी दोन वेगळे मासे वाटावेत इतका फरक पडतो. त्यामुळे 'काळी होती म्हणजे अमकी, हिरवट होती म्हणजे तमकी' हा हिशेब सोडून द्या. नक्षी कुठे आहे आणि कशी आहे हे पाहायचं, आणि शंका उरली तर मोजायचं. मोजणी रंगासारखी बदलत नाही.

ओळखून करायचं काय

पट्ट्याची मरळ दीड-दोन किलोची झाली की ती दांडगी समजायची. तीन किलोच्या आसपास गेली तर चारचौघांना दाखवण्यासारखी. डोळ्याच्या मरळीला दोन किलो म्हणजे वाढीची सुरुवात. ती एक मीटरच्या पुढे जाते, आणि जुन्या नोंदींत तिच्या ३० किलोपर्यंतच्या वजनाचा उल्लेख येतो. इतकी मोठी आज कुणाच्या गळाला लागेल असं नाही, पण चार-पाच किलोची लागू शकते. म्हणजे हातातली दोन किलोची मरळ नेमकी कोणती, यावर ती ठेवायची की सोडायची हा निर्णय फिरतो. मोठी वाढणारी मादी लहानपणीच काढली, तर त्या डोहात पुढच्या काही वर्षांत मोठा मासा दिसणार नाही.

शेततळ्यात मरळ सोडणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पट्ट्याची मरळ उथळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरते, म्हणून पाळायला सहसा तीच धरतात. तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा ठरवलंय. ओढ्यातून किंवा कालव्यातून पिल्लं धरून आणली आणि त्यात दोन्ही जाती मिसळल्या, तर ज्या लवकर वाढतील त्या बाकीच्यांना गिळतील. मरळी आपल्याच भावंडांना खायला मागेपुढे पाहत नाहीत. पिल्लं सोडण्याआधी मूठभर पिल्लं पांढऱ्या बशीत घेऊन पाहिली, तरी पुढचं बरंच नुकसान टळतं. पिल्लांची ओळख खाली दिली आहे.

आधी मरळ आहे का ते बघा, मग मोठी की बुटकी ते

मरळीच्या पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो. पोटाखालचा मागचा पर, म्हणजे गुदपर, तोही लांबच लांब असतो. दोन्हींत एकही टोचणारा काटा नसतो. शेपटी गोल, फाटा नसलेली. डोक्यावर मोठाले खवले, तोंड डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेलं, आत दात. मिशा नाहीत. मिशा असलेला, खवले नसलेला मासा असेल तर तो मांगूर-शिंगाळ्यांच्या गोतातला, त्याचा इथे विषय नाही.

आता बुटक्या मरळी. चन्ना पंक्टाटा आणि चन्ना गाचुआ या दोन जाती ओढ्यांत, विहिरींत, भातखाचरांत सर्रास मिळतात. लोक त्यांना मोठ्या मरळीची पिल्लं समजतात. ती पिल्लं नव्हेत, पूर्ण वाढलेले मासे आहेत. गाचुआ वीतभराची झाली की तिची वाढ संपत आली. तिच्या पाठीच्या, शेपटीच्या आणि गुदपराच्या कडेला नारिंगी किंवा तांबूस किनार असते, आणि कल्ल्यामागच्या पंख्यासारख्या परावर आडवे वळसे दिसतात. पंक्टाटा जरा मोठी होते, फुटाच्या आत राहते. तिच्या अंगावर बारीक काळे ठिपके असतात. दोघींच्या पाठीच्या परात काड्या कमी, साधारण २८ ते ३७. काड्या म्हणजे परातल्या त्या बारीक शलाका, ज्यांच्यावर पातळ कातडी ताणलेली असते. हा शब्द पुढे सारखा येणार आहे.

या दोघींना वगळलं की खरा पेच सुरू होतो.

पहिली पायरी: मासा सोडण्याआधी फोटो, आणि तोही नीट

बहुतेक फोटोंत मासा माणसाच्या छातीपुढे धरलेला असतो, बोटं कल्ल्यात, पर मिटलेले, शेपटी चौकटीबाहेर. असा फोटो आठवणीला चांगला, ओळखीला निरुपयोगी. मासा ओल्या गवतावर किंवा ओल्या गोणपाटावर आडवा ठेवा. कोरड्या सिमेंटवर किंवा तापलेल्या खडकावर नको, त्याचं अंगावरचं बुळबुळीत आवरण जातं. उन्हाची तिरीप असेल तर स्वतःची सावली पाडा, नाहीतर खवल्यांवर चमक येऊन नक्षी बुजते.

तीन फोटो पुरतात. पहिला अख्ख्या माशाचा, बाजूने, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. शेजारी मोजपट्टी ठेवली तर उत्तम, नसेल तर रॉडचं हँडल. दुसरा फक्त शेपटीच्या बुडाचा, जवळून. तिसरा पाठीचा पर उघडलेला असताना. ओला अंगठा पराच्या पुढच्या टोकाला लावून तो हलकेच पुढे-वर ढकलला की अख्खा पर उभा राहतो, आणि तेवढ्यात सोबत्याने फोटो काढायचा. एकट्याने हे जमवणं कठीण जातं, मासा दर वेळी शेपटी मारतो. तेव्हा व्हिडिओ सुरू ठेवून पर उघडा आणि नंतर त्यातलं एखादं स्थिर चित्र काढून घ्या. हे सगळं मिनिटभरात उरकायला हवं. मोजणी काठावर बसून करायची गरज नाही, ती घरी मोबाइलवर चित्र मोठं करून होते.

दुसरी पायरी: शेपटीचं बूड

आता डोळ्याच्या मरळीला ते नाव का, ते सांगतो. तिच्या शेपटीच्या बुडाशी, वरच्या अर्ध्या भागात, एक काळा गोल डाग असतो आणि त्याभोवती नारिंगी किंवा फिकट कडं असतं. लांबून पाहिलं तर तिथे दुसरा डोळाच आहे असं वाटतं. तरुण माशात हा डाग ठसठशीत असतो, पाण्यात वळतानाही चमकून जातो. पट्ट्याच्या मरळीच्या शेपटीवर असा डाग नसतो.

म्हणजे डाग दिसला की निकाल लागला? बऱ्याचदा हो. कडं असलेला, शेपटीच्या बुडाशी, मध्यरेषेच्या वर असा डाग स्पष्ट दिसत असेल, तर ती डोळ्याची मरळ. मात्र डाग नेमका कुठे आहे ते पाहा. पाठीच्या पराच्या मागच्या टोकावर काळा ठिपका दिसला तर तो या हिशेबात धरायचा नाही. जखमेचा व्रण, जळवेने सोडलेली खूण, दुसऱ्या माशाने तोडलेल्या शेपटीचा काळा काठ, यांनाही लोक डाग म्हणून मोजतात. या खुणांना कडं नसतं आणि त्या गोल नसतात.

उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. डोळ्याची मरळ मोठी होत जाते तसा डाग पुसट होतो, तुटतो, काहींत पार जातो. त्यामुळे 'डाग नाही, म्हणजे पट्ट्याची' असं मोठ्या माशाबद्दल म्हणता येत नाही. मासा जितका मोठा, तितकं डाग नसण्याला वजन कमी. तीन किलोच्या वरची बिनडागाची मरळ आली, तर तिसरी आणि चौथी पायरी केल्याशिवाय नाव लिहू नका.

तिसरी पायरी: कूस

पट्ट्याच्या मरळीची पाठ गडद तपकिरी ते काळपट हिरवी आणि पोट पांढरट असतं. कुशीवरून गडद पट्टे तिरके खाली पोटाकडे उतरतात. पट्टे मध्येच वाकलेले असतात, काहींत त्यांचा कोन स्पष्ट दिसतो. हे पट्टे पोटाच्या पांढऱ्या भागात घुसतात आणि तिथे तुटक होतात. पाठ काळवंडलेली असली आणि वर काहीच दिसत नसलं, तरी माशाला किंचित कलता करून पोटाची कड पाहा. पांढऱ्यावर उतरलेली ती काळी टोकं तिथे सापडतात. मला विचाराल तर पट्ट्याच्या मरळीची सगळ्यात भरवशाची दिसणारी खूण हीच.

डोळ्याच्या मरळीच्या कुशीवर पट्ट्यांऐवजी मोठे गडद धब्बे असतात, पाच-सहा, एका ओळीत, बाजूच्या रेघेच्या (कल्ल्यामागून शेपटीपर्यंत अंगावरून जाणाऱ्या रेघेच्या) खाली. प्रत्येक धब्ब्याच्या कडेला आणि अंगाच्या मागच्या अर्ध्यावर सुटे सुटे पांढरे खवले चमकतात, तांदळाची कणी शिंपडल्यासारखे. पाठीच्या आणि गुदपराच्या मागच्या भागावर, शेपटीवरही हे पांढरे ठिपके येतात. मासा मोठा झाला, शेपटीवरचा डाग गेला, तरी ही कणी सहसा राहते. ओल्या अंगावर ती उठून दिसते, वाळलं की बुजते. म्हणून पाहण्याआधी अंगावर ओंजळभर पाणी टाका.

धब्बे आणि पट्टे यांची गल्लत एका जागी होते. दमलेल्या पट्ट्याच्या मरळीचे पट्टे वरच्या बाजूला जाड होऊन एकमेकांत मिसळतात आणि धब्ब्यांसारखे वाटतात. तेव्हा कणी आहे का ते पाहा. कणी नाही आणि पोटाकडे तिरकी टोकं आहेत, तर पट्ट्याची.

चौथी पायरी: मोजणी

आकडे आधी देतो. पाठीच्या परातल्या काड्या: पट्ट्याच्या मरळीत ३७ ते ४६, डोळ्याच्या मरळीत ४५ ते ५५. गुदपरातल्या काड्या: पट्ट्याच्या मरळीत २३ ते २९, डोळ्याच्या मरळीत २८ ते ३६. बाजूच्या रेघेवरचे खवले: पट्ट्याच्या मरळीत ५० ते ५७, डोळ्याच्या मरळीत ६० ते ७०.

काड्यांचे आकडे टोकाला एकमेकांवर थोडे चढतात, खवल्यांचे चढत नाहीत. व्यवहारात असं धरा: पाठीवर ४३ किंवा कमी काड्या आल्या तर पट्ट्याची, ४८ किंवा जास्त आल्या तर डोळ्याची. मध्ये कुठे अडकलात तर गुदपर मोजा, आणि तोही २८-२९ वर थांबला तर खवले मोजल्याशिवाय सुटका नाही.

काड्या मोजताना पुढच्या टोकाला चूक होते. पहिल्या दोन-तीन काड्या आखूड असतात, एकमेकींना चिकटून, कातडीत अर्ध्या झाकलेल्या. फोटोत त्या एकच वाटतात. म्हणूनच पर पुढे ढकलून उघडायला सांगितलं. मागच्या टोकाला शेवटची काडी मुळापासून दुभंगलेली दिसू शकते. एकाच मुळातून दोन फाटे निघत असतील तर ती एकच धरायची. मोबाइलवर चित्र मोठं करून दर दहाव्या काडीवर बोटाने खूण करा. चित्रांवर रेघोट्या मारायची सोय आता जवळपास प्रत्येक फोनमध्ये असते. दोनदा मोजा, आणि दोन्ही वेळा वेगळ्या टोकापासून सुरुवात करा. आकडा एक-दोनने इकडे-तिकडे झाला तर बिघडत नाही. पाचने झाला, तर काड्या तुटलेल्या आहेत किंवा पर पूर्ण उघडलेला नाही.

खवले मोजणं जास्त वेळखाऊ आहे, आणि जिवंत सोडायच्या माशावर ते करू नये. त्यासाठी चांगला जवळचा फोटो किंवा खायला ठेवलेला मासा लागतो. कल्ल्याच्या वरच्या कोपऱ्यामागून सुरू होऊन शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेघेवर प्रत्येक खवल्याला बारीक छिद्र असतं. तेच खवले मोजायचे. मरळीची ही रेघ सरळ जात नाही. थोडं पुढे गेल्यावर ती खाली उतरते आणि मग खालच्या ओळीतून शेपटीकडे जाते. तिथे ओळ चुकली असं वाटून काही जण थांबतात. थांबू नका, खालच्या ओळीत उतरून मोजत राहा. शेपटी वाकवली की जिथे घडी पडते, तिथे मोजणी संपते. त्यापुढचे शेपटीवरचे खवले धरायचे नाहीत. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर मासा असेल तर दाभणाच्या टोकाने एकेक खवला किंचित उचलत गेलात की आकडा चुकत नाही.

समजा, धरणाच्या फुगवट्यावर तीन किलोची काळीकुट्ट मरळ आली. शेपटीवर डाग नाही, कूस इतकी गडद की काहीच कळत नाही. पाणी टाकल्यावर मागच्या भागात दोन-चार पांढरे खवले चमकले, पण खात्री पटत नाही. घरी फोटोत पाठीच्या काड्या ४९ आल्या, गुदपराच्या ३१. ही डोळ्याची मरळ, डाग असो वा नसो. आता उलटं धरू. मासा सव्वा किलोचा, शेपटीच्या बुडाशी काळपट छटा, पकडणारा ठासून सांगतोय की डोळा आहे. काड्या ४१, गुदपर २५, पोटाच्या कडेला तिरकी टोकं. ही पट्ट्याची, आणि ती छटा निव्वळ छटाच.

पाणी आणि वागणूक: पुरावा नव्हे, इशारा

पट्ट्याच्या मरळीला उथळ, गाळाचं, वनस्पतींनी भरलेलं पाणी आवडतं. तळी, पाझर तलाव, पाणकणसाच्या कडा, पावसाळ्यात भरलेली भातखाचरं. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांसारख्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांसारख्या पाण्यात कमळाच्या पानांखाली ती दबा धरून बसते. ओल्या रात्री एका डबक्यातून दुसऱ्या डबक्याकडे सरपटत जाण्याची तिची ख्याती तर सर्वांना ठाऊक आहेच. डोळ्याची मरळ खोल, त्यामानाने नितळ पाण्याची. नदीतले डोह, वाळूचा किंवा खडकाचा तळ, मोठे कालवे, धरणांचे जुने नदीपात्र असलेले भाग.

पण भीमेवरच्या उजनीसारख्या अवाढव्य धरणात एकाच काठावर दोन्ही प्रकारचं पाणी भेटतं. शेवाळाचा उथळ कोपरा आणि तिथून हाकेच्या अंतरावर बुडालेलं पात्र. पुरात मासे कुठून कुठे जातात त्याचा नेम नाही. त्यामुळे 'इथे नेहमी हीच मिळते' हे वाक्य ओळखीसाठी वापरू नका. कुठे गळ टाकायचा हे ठरवायला मात्र जरूर वापरा. जलपर्णीच्या छिद्रांवरून बेडूक लूअर, म्हणजे बेडकासारखं बनावट आमिष, ओढताना पानं हलून खालून धडक आली, तर बहुधा पट्ट्याची. खोल पाण्याच्या काठाला, खडकाच्या सावलीत, चमच्यामागे, म्हणजे धातूच्या चमकत्या आमिषामागे, लांबून पाठलाग करत आली तर डोळ्याचीही असू शकते.

दोघींना हवा घ्यायला पृष्ठभागावर यावंच लागतं. कल्ल्यांच्या वर त्यांना हवा साठवणारी पोकळी असते, निव्वळ पाण्यातल्या प्राणवायूवर मोठ्या मरळीचं भागत नाही. ती वर येऊन गुळुप करते आणि खाली जाते, मागे दोन-तीन बुडबुडे राहतात. हे वर येणं पाहून माशाची जागा कळते, जात कळत नाही.

पिल्लांवरून ओळख, आणि तिथे गळ का टाकायचा नाही

पावसाळ्यात उथळ कडेला पाणी उकळल्यासारखं थरथरताना दिसलं, तर थांबून पाहा. मरळीची शेकडो पिल्लं गोळा करून फिरत असतात, एकदम वर येतात, हवा घेतात, एकदम खाली जातात. खाली आई-बाप असतात. दोन्ही जातींत राखण होते. अंडी तरंगती असतात, गवत-पाल्यात साफ केलेल्या जागेत सोडलेली. पिल्लं बाहेर पडल्यावरही पालक काही आठवडे सोबत राहतात.

पट्ट्याच्या मरळीची लहान पिल्लं एकरंगी तांबूस-नारिंगी दिसतात, म्हणून तो गोळा पाण्यात लालसर उमटतो. मोठी होताना रंग जाऊन ती तपकिरी होतात. डोळ्याच्या मरळीच्या पिल्लाचं अंग गडद असतं आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत एकच नारिंगी-पिवळी पट्टी जाते. थोडं वाढलं की शेपटीच्या बुडाशी डाग उमटू लागतो. पांढऱ्या बशीत पाणी घेऊन पाच-सहा पिल्लं ठेवली, तर हा फरक शाळकरी पोरालाही दिसतो. बघून झाल्यावर ती त्याच गोळ्यात परत सोडा, दुसरीकडे नको.

त्या गोळ्यावर बेडूक फेकला की मरळ हमखास धडक देते. तिला भूक लागलेली नसते, ती पिल्लांवरून हुसकावत असते. म्हणूनच तो सोपा मासा आहे आणि म्हणूनच तो काढू नये. आई-बाप गेले की तासाभरात बाकीचे मासे, पाणकावळे आणि बगळे तो गोळा संपवतात. एका संध्याकाळच्या फोटोपायी त्या कोपऱ्यातली पुढच्या वर्षीची सगळी मरळ जाते. यावर मी वाद घालत नाही. काहींना हे भाबडं वाटेल, वाटू दे.

बाजारात ओळखायची असेल तर

बाजारात मरळ बहुधा जिवंतच विकतात, ओल्या टबात, वर जाळी टाकून. आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला मरळीचा रस्सा द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, म्हणून तिचा भाव चढा असतो. टबात पाणी कमी आणि गर्दी जास्त, त्यामुळे सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात. विचारायचं सरळ: "ताई, ही धरणाची की तळ्याची?" ती सांगेल, "ही तळ्याची, धरणाची त्या टबात. कापून देऊ का?" कापण्याआधी शेपटी तेवढी पाहू द्यायला सांगा. शेपटीचं बूड आणि पोटाची कड, या दोन जागा पाहिल्या तरी बहुतेक वेळा काम होतं. तुकडे पडल्यावर ओळखायचं असेल, तर शेपटीकडचा तुकडा मागून घ्या. गुदपराचा मागचा भाग आणि शेपटी त्यातच असते.

हाताळणी

मरळीला दात असतात, तोंडात बोट घालू नका. गळ काढायला चिमटा लागतो. बेडूक लूअरचे दोन्ही काटे वर वळलेले असतात, मासा उसळला की ते हातात शिरतात. ओलं फडकं अंगावर टाकून, डोकं झाकून धरलं की ती शांत होते. फोटोसाठी थांबवायची असेल तर ओल्या गवतावर, सावलीत. पाण्यात खोल बांधून ठेवायची चूक करू नका. वर येऊन हवा घेता आली नाही तर मरळ पाण्यातच गुदमरते. बादलीत ठेवायची तर पाणी अर्धं आणि झाकण घट्ट, कारण ती सरळ उडी मारून बाहेर पडते.

आणि परवानगी. महाराष्ट्रातले बरेच तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. काठावर कुणी हटकलं नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. आधी विचारा, पावती असेल तर ती खिशात ठेवा. अभयारण्याच्या हद्दीतलं पाणी असेल तर गळ काढूच नका.

अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींसाठी एक वेगळा इशारा. तिथे मरळीच्या गोतातला चन्ना आर्गस हा चिनी मासा २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन इथल्या तळ्यात सापडला आणि मोठा गाजावाजा झाला. तिथे हा परका मासा आहे, जिवंत वाहून नेण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि त्याच्यासारखा दिसणारा बोफिन हा मात्र तिथला मूळचा रहिवासी. फरक एका नजरेत कळतो: बोफिनचा गुदपर आखूड असतो, मरळीचा लांब. आपल्याकडच्या सवयीने तिथे मरळ सोडून देण्याआधी त्या राज्याचे नियम वाचा, आणि बोफिनला मरळ समजून मारू नका.

नोंद कशी ठेवायची

तारीख, पाण्याचं नाव, तळ गाळाचा की खडकाचा, लांबी, वजन, शेपटीचा डाग आहे की नाही, पाठीच्या काड्या, गुदपराच्या काड्या. एवढ्या रकान्यांची वही पुरते. जातीचं नाव शेवटच्या रकान्यात, आणि खात्री नसेल तर तो रकाना कोरा. कोरा रकाना चुकीच्या नावापेक्षा बरा, कारण फोटो आणि आकडे असतील तर नाव नंतरही भरता येतं.

दक्षिणेकडे जाऊन मासे धरणाऱ्यांनी तर हे जास्त पाळावं. पश्चिम घाटातल्या नद्यांमध्ये जिला वर्षानुवर्षं चन्ना मारुलियस म्हटलं जात होतं, त्यातली एक वेगळी जात आहे, असं २०१७ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि चन्ना स्यूडोमारुलियस हे १८६१ मधलं जुनं नाव पुन्हा वापरात आणलं. म्हणजे केरळात एखाद्या नदीवर धब्ब्यांची मोठी मरळ मिळाली, तर आपल्या ओळखीचं नाव लिहून मोकळे होऊ नका. नदीचं नाव, काड्या आणि शेपटीच्या बुडाचा स्वच्छ फोटो एवढं जपून ठेवा.